नुसतं 'कोळसा'

मित्रांनो, मी एक जुना कोळसा आहे. किती जुना, ते तुमच्या आजोबांच्या आजोबांना विचारूनही उपयोग नाही, तेव्हा माणूसच नव्हता. ध्रुवाजवळ आज जिथे बर्फ आहे, तिथे घनदाट जंगल होतं. तिथल्याच एका झाडाची मी फांदी. एकदा वीज पडली, वणवा पेटला. सगळं जंगल राख झालं आणि मी अर्धवट जळून चिखलात गाडला गेलो. एवढी भावंडं गेली आणि आपण तेवढे उरलो, याची मला फार लाज वाटायची.

कोट्यवधी वर्षांनी एका संशोधक बाईंनी मला खडकातून सोडवलं. "काका, याला जपा हं! ध्रुवाजवळ वणवे लागायचे, त्याचा हा पुरावा," त्या म्हणाल्या. संग्रहालयातली कपाटं सांभाळणाऱ्या काकांनी मला डबीत ठेवलं आणि चिठ्ठीवर लिहिलं, 'कोळसा'. बस्स, एवढंच! आता लाकूड जळून होतो तोही कोळसा आणि न जळता जमिनीत दबून होतो तो दगडी कोळसाही कोळसाच. वर्षभराने आवराआवर करताना काकांनी स्वतःचीच चिठ्ठी वाचली आणि मला दगडी कोळशाच्या खणात सरकवलं.

खरं सांगू? मला बरंच वाटलं. त्या खणात जळलेलं कुणीच नव्हतं. मीही त्यांच्यातलाच असल्यासारखा ऐटीत बसलो.

मग बाईंनी माझ्यावर लिहिलेल्या लेखावर शंका निघाली. पुरावा दाखवा, नाहीतर लेख मागे घ्या, असं पत्र आलं. मी जागेवर नव्हतो.

"मी ठेवला होता, बाई."

"मग गेला कुठे? पाय फुटले का त्याला?"

काकांनी लगेच पहिलं कपाट उघडलं. पंधरा दिवस ते जेवणाची सुट्टीही न घेता कपाटं उपसत होते. मी सगळं ऐकत होतो आणि, सांगायलाही जीभ रेटत नाही, आपण सापडू नये असंच मला वाटत होतं.

शेवटी त्यांनी माझा खण उघडला. मला उचलताच त्यांची बोटं काळी झाली; खणातल्या बाकीच्यांनी ती एवढी काळी झाली नव्हती. "अरे देवा, हा तर जळका!" चिठ्ठीवरचं अक्षर त्यांचंच होतं. नवी चिठ्ठी लिहून मला गुपचूप जागेवर ठेवता आलं असतं. त्यांनी खिशातून पेन्सिल काढलीही. पण ती परत ठेवली आणि तीच चिठ्ठी घेऊन ते बाईंसमोर उभे राहिले.

"चूक माझी, बाई. मी नुसतं 'कोळसा' लिहिलं."

बाईंचे डोळे भरून आले. "मी पण तुम्हाला नको ते बोलले, काका."

मित्रांनो, चिठ्ठीवर एक शब्द जास्त लिहायचा कंटाळा करू नका. आणि चूक झालीच, तर काकांसारखं सांगून टाका. मला तोंड नाही, म्हणून मी गप्प बसलो, असं तुम्ही म्हणाल. पण तोंड असतं, तरी मी गप्पच बसलो असतो.