मुलाच्या हातचं इंजिन

मुलीच्या हातचे पोहे बघतात, मग मुलाच्या हातचं इंजिन का बघू नये, असं म्हणून अप्पांनी आपली जुनी मोटारसायकल लेकीला सांगून आलेल्या योगीराजकडे दुरुस्तीला सोपवली होती. त्याचं गॅरेज शहराच्या एका टोकाला देवनहळ्ळीला, अप्पांचं दुसऱ्या टोकाला बोम्मसंद्राला. आणि अप्पांच्या बरोबरीनं तिथं इंजिनं खोलणारी त्यांची एकुलती एक लेक चंपा. स्थळ जमलं की दोन्ही गॅरेजं एक व्हायची होती. गाडी इतकी चकाचक होऊन परत आली की अप्पांनी लगेच मान डोलावली आणि रविवारी सुपारी फोडायचं ठरवून टाकलं.

रविवारी सकाळी गाडीखाली तेलाचं थारोळं होतं.

"झाकणाचं पॅकिंग जरा हलकं निघालं असंल," अप्पा चंपाला म्हणाले. "पाहुणे यायच्या आत बदलून टाक की."

गॅरेजवरच्या घरात आई कांदे चिरत होती. चंपानं खाली तेल काढलं, क्लचचं झाकण उघडलं आणि तिला शिसारी आली. नव्या पॅकिंगखाली जुनं तसंच होतं, तापून तापून धातूला धरून बसलेलं, काळं आणि कडक. ते काढायचा कंटाळा करून त्यावरच नवं डकवलं होतं, आणि फट दिसू नये म्हणून मध्ये लाल सिलिकॉन थापलं होतं. कडेनं ते शेंबडासारखं लोंबत होतं. तेलाची, ग्रीसची, जळक्या रबराची तिला कधी किळस वाटली नव्हती. पण ही घाण कामाची नव्हती, कामचुकारपणाची होती, आणि तिला हात लावायलाही नको वाटत होतं.

तरी ती बसली. रसायन लावायचं, भिजू द्यायचं, बोथट पत्तीनं सुटेल तेवढंच सोडवायचं, की पुन्हा रसायन. ॲल्युमिनियम मऊ, जोर केला की ओरखडा पडतो आणि त्यातून तेल झिरपत राहतं. एका कडेचा थर निघाला तशा खाली खाचा दिसल्या. स्क्रू ड्रायव्हर हातोडीनं ठोकल्याच्या, चांगल्या खोल. म्हणजे पठ्ठ्यानं सुरुवात केली होती, धातूची वाट लावली होती, आणि मग सगळं लाल चिखलाखाली झाकून हसतमुखानं गाडी परत केली होती. तिनं तेल गाळायची जाळी काढली. तीत सिलिकॉनचे सुटलेले तुकडे अडकले होते. जाळी तुंबली असती तर भर होसूर रोडवर इंजिन जाम झालं असतं, आणि गाडीवर अप्पा असते.

तेवढ्यात योगीराज आला. त्याचे आईवडील मागून कॅबनं येत होते.

"आजच्या दिवशी कशाला हात काळे करताय?" तो म्हणाला.

"जुनं पॅकिंग काढलं नव्हतं तुम्ही."

"लई चिवट होतं. स्वल्प काढलं, मग वरनं सिलिकॉन मारलं."

"आणि ह्या खाचा?"

त्यानं वाकून पाहिलं आणि हसला. "आत कोण बघतंय हो? झाकण लागलं की झालं."

त्याला लाजही वाटली नव्हती, याचीच तिला सगळ्यात जास्त किळस आली. उद्या घरात काही बिनसलं तरी हा असंच वरून थापणार आणि हसत हिंडणार, हे तिला लख्ख दिसलं.

अप्पा कधी मागे येऊन उभे राहिले ते दोघांनाही कळलं नव्हतं. त्यांनी अंगठ्याचं नख त्या कडेवरून फिरवलं. नख अडकलं. चंपानं जाळी त्यांच्यापुढे धरली, तेव्हा तीतला एक लाल तुकडा त्यांनी उचलून बोटांत चुरून पाहिला.

"चंपा, पोहे टाकू का गं?" वरून आईनं विचारलं.

अप्पांनी लेकीकडे पाहिलं.

"नको आई," चंपा म्हणाली. "नुसता चहा कर."

योगीराजचं हसू तसंच तोंडावर राहिलं. अप्पांनी फळीवरची दुसरी बोथट पत्ती घेतली आणि चंपाच्या शेजारी खरवडायला बसले.