काळ्या झग्याची गाठ

ईस्टरच्या सकाळी आमच्या गावात कोणाचंच मन थाऱ्यावर नसतं, पण यंदा माझं तर कुठेच नव्हतं. भट्टीत फियादोने, म्हणजे चीजच्या करंज्या, करपल्या, पायांत दोन वेगळे मोजे चढवले, आणि सगळं लक्ष त्या एका गाठीत.

चौकाच्या एका टोकाला पुन्हा उठलेल्या येशूची मूर्ती उभी असते. दुसऱ्या टोकाच्या चर्चमधून त्याची आई, मादोन्ना, सुतकाच्या काळ्या झग्यात बाहेर येते. मुलगा जिवंत दिसला की ती चौघांच्या खांद्यांवरून धावत सुटते, आणि धावता धावता झगा गळून पडतो. आत हिरवा पोशाख. झगा नीट पडला तर वर्ष चांगलं, अडकला तर देवच राखो. झगा सोडवणारा दोरा ओढतो माझा दीर पान्फिलो, आमच्या भिंतीपलीकडेच राहतो तो. त्या दोऱ्याची गाठ मारते मी, सासूबाईंनंतर गेली एकोणीस वर्षं.

गेल्या ईस्टरला झगा डाव्या खांद्यावर अडकला. जूनमध्ये गारांनी द्राक्षं झोडपली, ऑगस्टमध्ये उतारावर ट्रॅक्टर उलटून माझा बेरार्दो गेला. खापर फुटलं माझ्या गाठीवर. तोंडावर कोणी बोललं नाही, शेजारची एर्सिलिया सोडून. "लिबेराता, बोटं म्हातारी झाली गं तुझी," बेकरीच्या रांगेत सगळ्यांसमोर म्हणाली. मेलीच्या जिभेला हाड नाही. पण खरं सांगते, मलाही तसंच वाटत होतं. नवऱ्याला मी या हातांनी मारलं, असं वाटून वर्षभर डोळ्याला डोळा लागला नाही. यंदाही झगा अडकला असता, तर मला या गावात राहणं शक्य नव्हतं.

आणि शनिवारी गाठ मारताना शेवटचा फास वळवला की नाही, हे रविवारी आठवेना. शेवटी चर्चच्या मागच्या दारावर थाप मारली. पान्फिलोनं दार किलकिलं केलं. चेहरा पिठासारखा पांढरा.

"वहिनी, तुम्ही इथं कशाला?"

"भाऊजी, एकदा बघू द्या. दोन मिनिटं."

"आता कोणी हात लावायचा नाही."

"अहो, गाठ माझी आहे!"

"जा म्हणतो ना! चौकात जाऊन उभ्या राहा." आणि दार माझ्या नाकावर लावलं.

चौकात मुंगी शिरायला जागा नव्हती. संत पीटर आणि संत जॉनच्या मूर्ती मादोन्नाच्या दाराशी मुलगा उठल्याचा निरोप घेऊन गेल्या. दार उघडेना. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा उघडलं, आणि ती बाहेर आली, हळूहळू, पाऊल मोजत. बँड गप्प. मी नखं खात होते, पन्नाशीची बाई. मग खांदेकरी धावले. एक पाऊल, दोन, पाच, आणि झगा सर्रकन दोन्ही खांद्यांवरून एकदम खाली! कबुतरं उडाली, बँड कडाडला, माणसं रडायला लागली.

एर्सिलियानं मला मिठी मारली. "पाहिलंस? यंदा नीट मारलीस!"

यंदा. म्हणजे गेल्या वर्षीही नीट मारली असती, तर बेरार्दो वाचला असता. मी तिला ढकललं. वर्षभर या क्षणाची वाट पाहिली होती, आणि तोच येऊन छातीवर बसला.

तेवढ्यात गर्दीतून वाट काढत पान्फिलो आला. मुठीत काळा दोरा, गालांवरून पाणी.

"वहिनी, गेल्या वर्षी तुमची गाठ बरोबर होती. झगा दारातच पडेल अशी भीती वाटली मला. मी वरून आणखी एक गाठ मारली. न विचारता."

"वर्षभर गप्प बसलात?"

"बेरार्दो गेला ना. माझा सख्खा भाऊ. मीच मारला असं वाटायचं. लोक तुमचं नाव घ्यायला लागले, आणि... मला जरा श्वास घेता आला."

हात उचलला होता मी, खोटं नाही सांगत. पण ते वाक्य मला तोंडपाठ होतं. मीच मारला. एकाच भिंतीच्या दोन बाजूंना आम्ही दोघं तेच म्हणत जागत होतो, आणि बोलणी मात्र माझ्या एकटीच्या वाट्याला. मी त्याचं मनगट धरलं आणि त्याला कारंज्याच्या पायरीवर चढवलं.

"सांगा. सगळ्यांना."

त्यानं सांगितलं. बँडच्या ढोलात हातभरावरच्या एर्सिलियालाही ऐकू गेलं नाही. तो सुटकेनं खाली उतरायला लागला.

"थांबा भाऊजी," मी म्हणाले. "बँड थांबू दे, मग पुन्हा." आणि मनगट सोडलं नाही.