श्वास पहिलाच बरा होता

बूथमध्ये शिरल्याबरोबर त्याने माइक खाली ओढून ओठांसमोर आणला, बाटलीतल्या पाण्याचा घोट घेतला, घसा साफ केला, आणि मग त्याच्या लक्षात आलं की आज रेकॉर्डिंग नाही. काचेकडे बघून तो ओशाळं हसला.

काचेच्या अलीकडे, मशीनसमोर बसलेली रेकॉर्डिस्ट हसली नाही.

"बाहेर बसून बोलू या ना," तो म्हणाला.

तिने बोलायचं बटण दाबलं. "तिथूनच बोल. ऐकू येतंय."

बाहेरच्या खोलीत रिसेप्शनवरच्या बाई कान टवकारून बसल्या होत्या. आतला शब्द बाहेर न जाऊ देणारी या स्टुडिओत एकच जागा होती, ती तिने त्याला दिली होती. स्वतःसाठी तिने काच ठेवली होती.

स्टुडिओत त्याला सगळे 'रेशीम' म्हणत. विम्याच्या जाहिराती, शाळेचे धडे, बँकेच्या फोनवरचं 'कृपया प्रतीक्षा करा', सगळं त्याच्याच गळ्यातून यायचं. ते रेशीम विणलं कसं जातं, हे फक्त तिला ठाऊक होतं. त्याच्या ओठांची चटचट, गिळलेली जोडाक्षरं, वाक्यामधल्या धापा, वर्षानुवर्षं तिनेच कापून फेकल्या होत्या. आणि एवढं करून त्या स्वच्छ केलेल्या आवाजाच्या प्रेमात पडली होती तीच. दगडाला शेंदूर आपणच फासायचा आणि वर पायाही आपणच पडायचं.

मग तिचे बाबा आजारी पडले. ती दवाखान्यात असतानाच त्याने फोन करून सांगितलं, त्याच्या आयुष्यात दुसरी कोणीतरी आहे. पुढच्या आठवड्यात बाबा गेले. तो भेटायलासुद्धा आला नाही. तेव्हापासून ती त्या दुसरीबरोबर राहत होती म्हणायला हरकत नाही. मनातल्या मनात तिने तिला उंची दिली होती, दाट केस दिले होते, लाडिक हसणं दिलं होतं, आणि भांडी घासताना, केस विंचरताना तिचा यथेच्छ उद्धार केला होता.

आता महिनाभर हा मागे लागला होता, एकदा भेट म्हणून. ताई म्हणाली होती, ऐकून घे हवं तर, पण हा ताकाला जाऊन भांडं लपवणारा माणूस, दहा मिनिटांच्या वर थांबू देऊ नकोस. बरं, म्हणाली होती ती. प्रत्यक्षात तिने संध्याकाळभराचं एकही बुकिंग घेतलं नव्हतं. त्याने एक वाक्य खरं बोलावं, फक्त एक, की दार उघडून त्याला परत घ्यायचं, असं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं. हे ताईला सांगितलं नव्हतं. ताई जे म्हणाली असती, ते ती स्वतःलाच आधी म्हणून बसली होती.

त्याने सुरुवात केली. आवाज छान लागला होता. घर खायला उठतं म्हणाला. रात्री झोप लागत नाही म्हणाला, आणि गालांवर तर चांगली तुकतुकी होती. तुझा कप अजून खिडकीत तसाच आहे म्हणाला. कप तिने स्वतः जाऊन उचलून आणला होता. आज सकाळीच त्यातून चहा प्यायली होती.

ती ऐकत राहिली. वाट बघत राहिली.

"मी तुझा..." इथे गळ्यात एक श्वास अडकला, "...गुन्हेगार आहे. आणि असा एकही दिवस गेला नाही, की मी तुधी... तुझी..."

जीभ अडखळली. तो थांबला, आणि वाक्याच्या सुरुवातीला गेला.

"मी तुझा..." तोच श्वास, त्याच जागी, "...गुन्हेगार आहे."

चुकलं की वाक्य पहिल्यापासून घ्यायचं, म्हणजे रेकॉर्डिस्टला कापायला सोपं जातं. चांगल्या निवेदकाची ही सवय तिनेच त्याला लावली होती.

तिने बटण दाबलं. "श्वास पहिलाच बरा होता. दुसरा जरा जास्त झाला."

काचेपलीकडे त्याचं तोंड उघडंच राहिलं. मग कान लाल झाले. बराच वेळ तो टेबलावर नखाने ओरखडे काढत राहिला, आणि बोलला तेव्हा आवाज भलताच निघाला. बारीक, नाकातला, सर्दी झाल्यावर घरी निघायचा तसला.

"दुसरी कोणी नव्हती," तो म्हणाला.

तिने हेडफोन कानांवर घट्ट दाबले.

"काका ॲडमिट होते ना, मी यायचो. मी रेकॉर्डिंगला गेलोय असं तू समजायचीस, तेव्हा मी खाली कँटीनमध्ये असायचो. लिफ्टचं दार उघडलं की तो वास यायचा, औषधाचा. मला नाही जमायचं. वर तू एकटी आहेस हे माहीत होतं मला. मी डोसा खायचो आणि घरी जाऊन झोपायचो. घाबरलो होतो असं कसं सांगणार? म्हणून ती बाई सांगितली. ते निदान... जरा बरं दिसत होतं."

 

वाक्य आलं होतं. वेडंवाकडं, लाज आणणारं, कुठेही सफाई नसलेलं. ती उठली. बूथच्या जड दाराला तिने हात घातला.

तेवढ्यात काचेपलीकडे त्याने मान वर केली. भुवया किंचित उंचावल्या, हनुवटी थोडी तिरकी. टेक संपला की तो कायम असाच तिच्याकडे बघायचा. आलं ना?

दारावरचा हात तिने काढून घेतला. खुर्चीत येऊन बसली आणि बटण दाबलं.

"ओके," ती म्हणाली.

रेकॉर्डिस्टच्या ओकेचे प्रकार असतात. त्यातला एक, या माणसाकडून याहून बरं काही निघणार नाही, असं कळल्यावर द्यायचा असतो. निवेदकांना तो कधीच ओळखू येत नाही.

त्याचे खांदे सैल झाले. "थँक यू," तो म्हणाला, आणि रेशीम परत आलं होतं. बाटली घेऊन तो बाहेर पडला. पुढच्या खोलीत बाईंना काहीतरी म्हणाला. बाई खळखळून हसल्या.

थोड्या वेळाने ताईचा फोन आला. काय म्हणाला, किती रडला, सगळं तिला क्रमाने हवं होतं. दुसरी कोणी नव्हतीच, हे कळल्यावर मात्र ताईसुद्धा जरा थबकली.

"मग? करतेस की काय माफ?"

तिने मशीन बंद केलं. काचेपलीकडची खुर्ची अजून दाराकडे वळलेली होती.

"त्या बाईला मी किती शिव्या दिल्या गं ताई," ती म्हणाली. "तिने बिचारीने तर काहीच केलं नव्हतं."