बाळांच्या खोलीला तिसरी बाई

आमच्या पाळणाघरात शहाणपण शनिवारी दुपारी वाटलं जायचं. शनिवार म्हणजे आमचा अर्धा दिवस, घरी जाऊन पाय पसरायचा. तो मोठ्या बाईंनी प्रशिक्षणाला देऊन टाकला. मोठ्या बाई म्हणजे आमच्या संचालिका. तोंडावर आम्ही त्यांना नुसतं बाई म्हणतो. पूर्वी त्या आम्हाला अगं-तुगं करायच्या; प्रशिक्षण सुरू झालं तशा अहो-जाहो करायला लागल्या. पगार मात्र अगं-तुगंच राहिला.

मी बाळांच्या खोलीत असते. नुसती पडून असणारी आणि नुकती रांगायला लागलेली अशी बारा बाळं, आणि सांभाळायला आम्ही दोघी, मी आणि माझी धाकटी नणंद. तिला ही नोकरी मीच लावून दिली, त्याचा राग ती अजून धरून आहे. पूर्वी आम्ही तिघी होतो. तिसरी नवऱ्याच्या बदलीपायी गाव सोडून गेली, तेव्हा बाई म्हणाल्या, "नवीन मिळेपर्यंत जरा सांभाळून घ्या." आम्ही घेतलं, आणि तिथेच फसलो. जो सांभाळून घेतो त्याचं चाललंय बरं, असंच सगळे धरून चालतात.

मग एका सकाळी ते झालं. मी एका बाळाचा डायपर बदलत होते. नणंद एकाला बाटलीने दूध पाजत होती आणि दुसऱ्याला पायावर हलवत होती. खिडकीखाली छोटी रांगत होती. छोटी म्हणजे आमच्याकडची सगळ्यात चळवळी पोरगी, जे दिसेल ते आधी तोंडात घालणारी. कुणाचा तरी खुळखुळा फुटला होता, त्याचा तुकडा तिने तोंडात घातला आणि तो घशात अडकला. आवाज काही झाला नाही. मोठ्या माणसाला ठसका लागला तर तो घर डोक्यावर घेतो, बाळ मात्र गुपचूप गुदमरतं. मी सहज मान वळवली म्हणून मला दिसलं. हातातलं बाळ तसंच उघडं काखेत मारून मी धावले, ते गादीवर टाकलं, छोटीला हातावर पालथी घेतली आणि पाठीवर थापट्या मारल्या. तुकडा बाहेर पडला आणि तिने भोकाड पसरलं. तिच्याबरोबर मीही रडले.

बाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "निभावलं ना? मग आता आईवडिलांना उगाच घाबरवू नका." संध्याकाळी छोटीची आई न्यायला आली. पोरीच्या ओठाला खरचटलेलं तिला दिसलं. नणंद म्हणाली, "दात येतायत हो, सारखी चावते." आई हसली आणि लेकीचा मुका घेऊन गेली.

त्या दिवसापासून माझ्या पोटात भीती बसली. एका बाळाचा डायपर बदलताना मी बाकीच्या अकरांकडे बघत असे, आणि हातातल्याच्या डायपरची चिकटपट्टी भलतीकडेच लावून ठेवत असे. आम्ही सगळ्यांनी ठरवलं की बाईंकडे तिसरी बाई मागायची. मागायला कोणी जायचं, तर अर्थातच मी. "सासूपुढे चालते ती जीभ बाईंपुढेही चालवून बघा की वहिनी," नणंद म्हणाली.

इकडे शनिवारचं चालूच होतं. शिकवायला एक प्रशिक्षिका यायची. अंगाने काटकुळी, बोलायला मधाळ, बरोबर पडद्यावर चित्रं दाखवायचं यंत्र. रडणाऱ्या, हट्ट करणाऱ्या मुलाशी कसं वागायचं याच्या तिने चार पायऱ्या केल्या होत्या. पहिली, खाली बसून मुलाच्या डोळ्यांत बघायचं. दुसरी, त्याच्या भावनेला नाव द्यायचं: तुला राग आलाय, राग येणं ठीक आहे. तिसरी, कधी नाही म्हणायचं नाही, दोन पर्याय द्यायचे. दूध नको म्हणतोय ना, मग विचारायचं, लाल कपातून घेतोस की निळ्या? चौथी, त्याने काहीही निवडलं की भरभरून कौतुक करायचं आणि एक चिकटणारी चांदणी लावायची.

खोटं कशाला बोलू, पायऱ्या लागू पडायच्या. मी त्या घरीसुद्धा चढून पाहिल्या. नवरा जेवण उशिरा झालं म्हणून कुरकुरत होता. मी त्याच्यासमोर बसले आणि म्हटलं, "तुम्हाला राग आलाय. राग येणं ठीक आहे. भांडी घासता की केर काढता?" त्याने जरा विचार केला आणि भांडी घासली. वर शेजाऱ्याला सांगत सुटला की आमच्या घरात माझ्या मताला किंमत आहे.

चांदण्या मुलांपुरत्या राहिल्या नाहीत. प्रशिक्षिका आम्हालाही लावायला लागली आणि बाईंनी त्यांचा तक्ताच व्हरांड्यात टांगला. स्वयंपाकीणबाईंना सून आलेली, पण माझ्या नावापुढे जास्त चांदण्या दिसल्या तर त्यांनी दोन दिवस मला चहा थंड दिला. मीही काही कमी नव्हते. येता-जाता तक्त्याकडे डोळा असायचाच.

बाई स्वतः पहिल्या रांगेत बसून सगळं शिकत होत्या. त्या एवढं मन लावून का शिकतायत, हे आमच्यापैकी कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

मी त्यांच्या खोलीत गेले ती पदरात निखारे बांधूनच. आज हो म्हणवल्याशिवाय हलायचं नाही असं ठरवलं होतं. बाई उठल्या, मला स्वतःच्या खुर्चीत बसवलं आणि आपण मुलांच्या बुटक्या स्टुलावर बसल्या. माझ्या डोळ्यांत बघत म्हणाल्या, "ताई, तुम्ही फार दमलायत."

मला आजवर असं कोणी म्हटलं नव्हतं. घरचे तर सोडूनच द्या.

"दमणं स्वाभाविक आहे," बाई म्हणाल्या. "मग आपण असं करू या का? सकाळी अर्धा तास लवकर येता, म्हणजे बाटल्या आधीच उकळून ठेवता येतील, की संध्याकाळी अर्धा तास थांबता?"

मी नीट विचार केला. संध्याकाळी घरचा स्वयंपाक असतो. "सकाळी येते," मी म्हटलं.

"किती छान निर्णय घेतलात," बाई म्हणाल्या आणि माझ्या खांद्यावर चांदणी लावली. मी अगदी तरंगत बाहेर आले.

नणंद दारातच उभी होती. "मिळाली का?"

"काय?"

"बाई, वहिनी. तिसरी बाई."

"ते नाही. पण सकाळी अर्धा तास लवकर यायचं ठरलंय. दोघींनी."

तिने माझ्या खांद्याकडे पाहिलं. मग शांतपणे विचारलं, "तुम्हाला लाल कप दिला की निळा?"

मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. जी युक्ती आम्ही दिवसभर वीतभर माणसांवर चालवतो, ती माझ्यावर चालली होती, आणि मी वर चांदणी मिरवत होते. दुसऱ्यांदा गेले तेव्हा खुर्चीत बसायचंच नाही असं ठरवून गेले. बाईही उभ्या राहिल्या. "तुम्हाला राग आलाय," त्या म्हणाल्या. आता राग आलेल्या माणसाला तुला राग आलाय असं मायेनं सांगितलं की त्या रागाचं करायचं काय, हेच कळत नाही. मी खेळणी धुवायचं जादा काम घेऊन परतले. मग नणंद तणतणत गेली. ती रडत बाहेर आली, अंगावर दोन चांदण्या होत्या.

शेवटच्या शनिवारी प्रमाणपत्रं वाटायची होती. बाईंनी सगळ्या आईवडिलांना बोलावलं. मोठ्या मुलांच्या खोलीत खुर्च्या मांडल्या, फरशी पुसून घेतली, मागे चहा ठेवला. छोटीची आई छोटीला मांडीवर घेऊन दुसऱ्या रांगेत बसली होती. प्रशिक्षिकेने जाहीर केलं की आता प्रात्यक्षिक होईल. एकजण हट्टी मूल होईल, एकजण सांभाळणारी. सांभाळणारी व्हायला बाई पुढे आल्याच, पालकांसमोर ती संधी त्या सोडणार होत्या थोड्याच.

"मूल कोण होणार?" प्रशिक्षिकेने विचारलं. सगळ्या जमिनीकडे बघायला लागल्या. मी उठले. नणंदेने माझी बाही ओढली, ती मी सोडवून घेतली. आपण काय करणार आहोत हे मला तेव्हा नीट माहीत नव्हतं. डोकं मात्र तापलेलं होतं.

"काय हवंय आमच्या बाळाला?" बाईंनी गोड आवाजात विचारलं.

"बाई हवी," मी म्हटलं. "आमच्या खोलीत अजून एक बाई हवी."

पालक हसले. बाईही हसल्या आणि माझ्यासमोर उकिडव्या बसल्या. त्यांचे गुडघे वाजले. "बाळाला राग आलाय. राग येणं ठीक आहे."

"राग नाही आला. भीती वाटते."

"बरं, भीती वाटते. तेही ठीक आहे."

"ठीक नाहीये."

लोकांना मजा वाटत होती. बाईंनी पर्याय काढले. "बाहुली हवी की चेंडू?"

मी फरशीवर आडवी झाले आणि टाचा आपटायला लागले. नोकरी करणाऱ्या बाईला असं करता येत नाही. ती लोळली तर तिला वेड लागलं म्हणतात किंवा घरी पाठवतात. बाळाला ती मुभा असते, आणि त्या दुपारी मी बाळ होते. किती वर्षं अशी टाच आपटायची राहून गेली होती, ते आपटताना कळलं. बाईंनी घाईघाईने चांदणी काढून माझ्या हाताला लावली. मी ती काढली आणि त्यांच्या नाकाला चिकटवली. आमची बाळं तेच करतात. खोलीभर हशा उसळला. बाई चांदणी काढत हसत होत्या, पण डोळे हसत नव्हते.

"मूल ऐकत नसेल तर त्याला बोलू द्या," प्रशिक्षिका मागून म्हणाली. "काय झालं ते विचारा आणि ऐका."

पालकांसमोर बाईंना शिकवणीबाहेर जाता येईना. "काय झालं, बाळा? सांग. मी ऐकतेय."

मी सांगणार नव्हते. आणखी चार टाचा आपटून उठायचं, टाळ्या घ्यायच्या, असंच मनात होतं. पण इतक्या दिवसांत मला हे पहिल्यांदा विचारलं जात होतं. मी छताकडे बघत म्हटलं, "छोटीच्या घशात खुळखुळ्याचा तुकडा अडकला होता. मी दुसऱ्या बाळाचं करत होते. मला उशिरा दिसलं."

हसणारे एकेक करून थांबले.

"कधी?" छोटीच्या आईने विचारलं.

मी उठून बसले. "दात येतायत म्हणून सांगितलं, त्या दिवशी."

तिने छोटीला मांडीवरून छातीशी घेतलं. मागच्या एका बाबांनी विचारलं, "त्या खोलीत बाळं किती आणि बायका किती?"

"ताई भूमिकेत जरा जास्तच शिरल्यात," बाई म्हणाल्या.

"बारा आणि दोन," माझी नणंद कोपऱ्यातून म्हणाली. तिचा आवाज कापत होता, पण आकडा सगळ्यांना नीट ऐकू गेला.

बाईंनी लोकांकडे पाहिलं. मग काही झालंच नाही अशा थाटात म्हणाल्या, "म्हणूनच तर सोमवारपासून तिसरी बाई येतेय. ते आधीच ठरलंय." टाळ्या वाजल्या. प्रशिक्षिकेने ऐकून घेण्याचं हे उत्कृष्ट उदाहरण असल्याचं सांगितलं. मग प्रमाणपत्रं वाटली, मलाही मिळालं. छोटीची आई चहा न घेता निघून गेली. जाताना तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

सोमवारी तिसरी बाई खरंच आली. तरणी, हातापायाने दणकट, आल्या आल्या कोपरापर्यंत हात धुतलेली. नणंद तर तिच्याकडे आंधळ्याला डोळे मिळावेत तशी बघत होती. बाईंनी खोलीत डोकावून मला विचारलं, "झालं ना तुझ्या मनासारखं?" अहो-जाहो संपलं होतं. मला त्याचं काही वाटलं नाही.

आठ वाजून गेले, छोटी आली नव्हती. ती आता येणारच नाही अशी मनाची तयारी मी करत होते, तेवढ्यात तिची आई दारात दिसली. मी सवयीने पुढे झाले, हात पसरले. तिने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे. माझ्या हातांवरून वळसा घालून तिने छोटीला नव्या बाईच्या हातात दिलं. आणि ती लबाड पोरगी हसत गेली.

मला फार लागलं. तिच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं, हे कळत होतं, तरी लागलं. माझ्या हातावर ती पालथी पडली होती, तिचा जीव परत आलेला मला तळव्याला जाणवला होता, आणि आता तिच्या आईला तेच हात नको होते.

"हिची काही सवय आहे का?" नव्या बाईने मला विचारलं.

"सगळं तोंडात घालते," मी म्हटलं. "नजर काढू नकोस तिच्यावरून."

"नाही काढत, ताई," ती म्हणाली, आणि खरंच छोटीकडे बघत बघतच आत गेली. दारात पुढच्या बाळाची आई घाईत उभी होती. माझे हात अजून पुढेच होते. तिने त्यांत बाळ ठेवलं.