बॉयलरवाल्याचा राब

कारखान्याची नोंदवही. अर्धी कोरी. दिवाळीत मुरबाडचा कारखाना बंद पडला, वही माझ्याकडे राहिली. सव्वीस वर्षं मी, कोंडू, तिथला बॉयलर सांभाळला. दर तासाला लिहायचं: वेळ, दाब, शेरा; शेवटी इन्चार्जची सही. आता मुरबाडला जायचं नाही. तरी सकाळी धसईच्या थांब्यावर जाऊन उभा राहतो. एसटी येते, जाते. मी परत येऊन खाटेवर पडतो.

आज राब लावायचं काम मागून घेतलं. भाताचं बी पेरण्याआधी वाफा भाजायचा: खाली शेण, त्यावर पाला, गवत, माती. दरवर्षी हे माझी बायको हौसा करते.

६.१० पहिला वाफा. माती घातली नाही, आग गुदमरेल. वारा येतो त्या बाजूनं पेटवला. भट्टीला वारा लागतोच.

६.१८ संपला!

हौसानं टाचेनं उकरून पाहिलं. खाली कच्ची माती.

"वरची दाढी जळली नुसती," ती म्हणाली. "हितं भात नाय, गवत उगवंल. सव्वीस वर्षं तिथं काय चहा उकळत व्हतात?"

बांधापलीकडे शेजारची रखमीआते खो खो हसली.

६.३० पाला एकाच वाफ्यापुरता उरलाय. हाही फुकट गेला तर यंदा रोपं दुसऱ्याकडे मागायची. आणि मी कायमचा खाटेवर.

६.४० विचार. (वहीत असा रकाना नाही.) बॉयलर भडकला की मी काय करायचो? हवा तोडायचो.

६.५५ दुसरा वाफा. ढेकळं फोडून वर बोटभर मातीचा थर. वाऱ्याच्या उलट बाजूनं काडी लावली.

"आता कसं!" हौसा. "मी सांगितलं असतं. तुमी इचारलं कुठं?"

७.३० ज्वाळ नाही. धूर हातभर सरकला.

८.३० अर्धा.

"न्याहारी करा."

"ड्युटी सुटली नाय गो."

९.४० पूर्ण. दाब: तळहातानं पाहिला. माती आतपर्यंत तापलेली, भुसभुशीत.

रखमीआते बांध ओलांडून आली. मातीत बोट खुपसलं, चटकन काढलं.

"कोंडू, उद्या आमचा लावशील का रे?"

मी तोंड उघडायच्या आत हौसा म्हणाली, "सकाळी सहाला येतील. न्याहारी तुमची. आमचा मानूस ड्युटीवर उपाशी ऱ्हानार नाय."

शेवटचा रकाना: इन्चार्जची सही. मी वही हौसापुढे धरली. सही येते तिला, पण हात राखेनं भरलेले. अंगठाच उमटला.

सव्वीस वर्षांत त्या रकान्यात इतकं ठळक कुणाचं उमटलं नव्हतं.