निळी झिलई

इंद्रजीतने पिस्तूल उजेडाकडे धरलं, भिंग लावलं आणि एकच जागा पुन्हा पुन्हा न्याहाळली. डॉक्टर असं पुन्हा पुन्हा तपासू लागले की घाबरायचं असतं, एवढं व्यंकटरावांना वयाच्या शहात्तराव्या वर्षी ठाऊक होतं.

गुलमंडीच्या अलीकडचं हे इंद्रजीतचं परवानाधारक शस्त्रांचं दुकान. व्यंकटरावांच्या आजोबांना निजामाच्या काळात मिळालेल्या या पिस्तुलाने आजवर एकही गोळी झाडली नव्हती. दर निवडणुकीला ते ठाण्यात जमा व्हायचं आणि निकालानंतर परत यायचं, त्यामुळे लोकशाहीचा अनुभव घरात सर्वांत जास्त त्यालाच. आता परवान्याची मुदत संपत आली होती आणि पुण्यातल्या मुलाला, शंतनूला, ते नको होतं. तीन लाख येतील, असा व्यंकटरावांचा अंदाज. त्यात बायकोला, दमयंतीबाईंना, काश्मीर दाखवायचं, तिथल्या होडीत बसवायचं. गेले आठ दिवस दुपारी डोळा लागला की व्यंकटरावांची खाट हळूहळू डोलू लागे आणि कुठून तरी वल्ह्याचा आवाज येई.

दमयंतीबाई दाराशी खुर्चीत बसून रस्ता बघत होत्या.

"काका, चीज एकदम अस्सल आहे," इंद्रजीत आवाज खाली आणत म्हणाला. "पण हौशी माणूस पैसे मोजतो ते कारखान्याच्या निळ्या-काळ्या झिलईचे आणि नावाच्या छापाचे. इथं दोन्ही साफ. कुणी घासलं हे?"

व्यंकटरावांना चाळीस दसरे एकदम दिसले. चिंच, राख आणि दमयंतीबाईंचे कोपरापर्यंत ओले हात. सून म्हणून घरात आल्यावर पहिल्याच दसऱ्याला त्यांनी म्हटलं होतं, "किती मळलंय हो हे."

"मी," ते म्हणाले.

"तुम्ही?"

"चिंचेनं. भांडीही मीच घासतो."

इंद्रजीतने दाराकडे पाहिलं, मग भिंग पुसलं. "साठ हजार. त्याच्यावर मागाल तर कुणी फिरकणार नाही."

"तीन लाख लिहा."

"अहो काका, कुणी येणारच नाही."

"तेच तर हवंय."

इंद्रजीतने मान हलवत वहीत तीन लाख लिहिले आणि पिस्तूल फडक्यात गुंडाळून परत दिलं.

रिक्षात दमयंतीबाईंनी विचारलं, "काय ठरलं?"

"तीन लाख लिहून आलो. चकाकी बघून थक्क झाला तो."

"बरं," त्या म्हणाल्या आणि पुढं घरापर्यंत पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

दसऱ्याला व्यंकटरावांनी न सांगता चिंच भिजत घातली, राखेची वाटी ठेवली आणि पिस्तूल पाटावर मांडलं. दमयंतीबाईंनी वाटी उचलून तांब्याच्या घागरीकडे नेली. पिस्तुलावर फक्त झेंडूचं फूल वाहिलं, आपट्याची दोन पानं ठेवली.

"अगं, घासायचं राहिलं."

"नको. तो मळ नव्हताच."

व्यंकटरावांनी घसरलेलं फूल पिस्तुलावर नीट बसवलं.

"आणि त्या दुकानदाराला फोन करा," घागर घासता घासता त्या म्हणाल्या. "साठला देऊन टाका. होडी पैठणच्या धरणावरही असेल की. नसली तर काठावर बसू."

दुपारी व्यंकटराव आडवे झाले. खाट डोलू लागली. मोरीतून घागरीवर फिरणाऱ्या हाताचा आवाज येत होता, एका लयीत, पाणी मागं सारावं तसा.