मला खाटेवर भिरकावलं तेव्हा

मी बीपीचं मशीन बोलतोय. बोलतोय म्हणजे, एरवी नुसता ‘टूं’ करतो आणि आकडा दाखवतो. तोही बरोबर असेल ना, ही धाकधूक असतेच.

नाशिकरोडच्या एका मेडिकलमध्ये मी धूळ खात होतो. प्रफुल्लने मला वडिलांसाठी घेतलं आणि एकलहऱ्याला घरी आणलं. वडील म्हणजे भिकनबाबा. वीजकेंद्रात बॉयलरवर नोकरी झालेली. तिथं प्रेशरचा काटा जरा हलला तरी हातातला घास टाकून धावायचे म्हणे. घरी मात्र माझा पट्टा बांधायला दंड पुढे करताना आढेवेढे.

“डोकं दुखत नाही, चक्कर नाही. मला काय झालंय?”

घोळ तिथंच आहे. वाढलेला रक्तदाब बहुतेकांना जाणवतच नाही. आतल्या आत रक्तवाहिन्या खराब करत राहतो.

सून राखी सुरुवातीला शर्टाच्या बाहीवरूनच माझा पट्टा बांधायची. तेही बाबा जिना चढून आले की लगेच! मग डॉक्टरांना विचारून आली. पाच मिनिटं टेकून गप्प बसवायचं, उघड्या दंडावर पट्टा बांधायचा. रोजच्या गोळीने आकडे हळूहळू उतरले.

बाबांनी मात्र बॉयलरचा हिशोब लावला. प्रेशर उतरलं की व्हॉल्व्ह बंद! गुपचूप गोळी सोडली. आकडे पुन्हा चढले, तेव्हा म्हणाले, “मशीन बिघडलंय.” खरं सांगतो, मलाही तसंच वाटू लागलं.

एका सकाळी बाबांच्या उजव्या हातातली बशी निसटली. तोंड एका बाजूला ओघळलं. बोलायला गेले, तर शब्द बोबडे निघाले.

“अगं बाई, अंगावरून वारं गेलं यांच्या!” लताबाई, त्यांची बायको, ओरडल्या. “जीप सांग कोणाला तरी. हरसूलकडे झाडपाल्याचं औषध देतात.”

“हरसूल नाही, आई. मोठा दवाखाना.”

“मग आधी मशीन तरी लाव! गोळी दे पाण्याबरोबर.”

राखीने मला काढलं. पट्टा अर्धा गुंडाळला आणि डॉक्टरांनी सांगितलेली खूण आठवून ती थांबली.

“बाबा, दोन्ही हात वर करा.”

उजवा हात खाली पडला. तिने मला खाटेवर भिरकावलं आणि १०८ लावला.

“गोळी नको, पाण्याचा घोटही नको, आई. घशात अडकेल. बशी किती वाजता पडली ते लक्षात ठेवा, डॉक्टर विचारतील.”

“तू काय डॉक्टर लागून गेलीस?”

“नाही. घाबरट आहे मी. म्हणूनच थांबणार नाही.”

पालथा पडून मी सगळं ऐकत होतो. आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, योग्य घरात आलो.

मेंदूत अडकलेली रक्ताची गुठळी विरघळवायचं औषध पहिल्या काही तासांतच देता येतं. बाबा वेळेत पोचले. आता घरी आहेत. शर्टाची बटणं लावायला वेळ लागतो, एखादा शब्द मागे राहतो. तंबाखूची डबी लताबाईंनी स्वतः फेकली. लोणच्याची बरणी वरच्या फळीवर गेली.

आणि रोज सकाळी बाबा स्वतः बाही वर करून बसतात.

“काटा खाली आला तर?” राखी मुद्दाम विचारते.

“गो...ळी चालूच, मास्तरीणबाई!”

तुमच्याही घरी माझा एखादा भाऊबंद कपाटात पडला असेल. त्याला बाहेर काढा, रोज वापरा. पण चांगला आकडा दिसला म्हणून डॉक्टरांना न विचारता गोळी सोडू नका. आणि कधी तोंड वाकडं झालं, हात गळाला, बोलणं बोबडं झालं, तर आमच्याकडे बघूही नका. भिरकावून द्या आणि निघा.

आम्ही खाटेवर वाट बघू. आजारी आणि नेणारा, तुम्ही दोघंही परत या.